पुढच्या सीटचा पट्टा

विमान बाळगायचं म्हणजे उडवायचं थोडं आणि पुसायचं फार. ज्याच्याकडे विमान आहे तो माणूस सदा आभाळात असतो, असं लोकांना वाटतं. मी सदा शेडमध्ये असतो. तेल कुठून पाझरतंय ते बघायचं, चाकांतली हवा बघायची, पंखाच्या कापडावर टिचकी मारून त्याचा आवाज ऐकायचा. कापड ताठ असेल तर टणक वाजतं, सैल पडायला लागलं की आवाज बसतो. शाळेत मी फार टिकलो नाही, पण आवाज मला कळतात. गाड्या दुरुस्त करण्यात हयात गेली ती या कानांच्या जोरावर.

आमचं विमान माझ्याहून थोडंच लहान आहे. दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, कापडावर रंगाचे थर. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून ते घेतलं तेव्हा ते एका गवताच्या गोदामात पडलेलं होतं आणि त्याच्या शेपटीत चिमण्यांचे संसार चालले होते. धाकटा लेथवर काम करायचा. लग्न त्याने केलं नाही. जेवायला आमच्याकडेच असायचा.

विमान उभं करायला पुरा एक हिवाळा गेला. इंजिन माझ्याकडे होतं, धातूची बारीक कामं त्याच्याकडे. पंखाला कापड शिवायचं काम मात्र एकट्याला जमत नाही. पंख उभा करतात, एक जण या बाजूला बसतो, एक त्या बाजूला. इकडच्याने लांब सुई आत घालायची, तिकडच्याने ती ओढून घ्यायची आणि आतल्या फासळीला दोऱ्याचा वेढा पडेल अशी परत पाठवायची, मग गाठ. असे शेकडो टाके. एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त सुईचं टोक येताना दिसतं. धाकटा एका बाजूला बसला आणि दुसऱ्या बाजूला माझी बायको, कारण तिचा हात शिवणात साफ होता. मी गाठी तपासायचो आणि ढिली दिसली की कापून टाकायचो. पंखाच्या दोन्ही बाजूंनी हसू ऐकू यायचं. हसताना गाठ ढिली पडते, असं मी एकदा बजावलं. मग ते हळू हसायला लागले.

बायको विमानाला सवत म्हणायची. तेल लागलेले माझे कपडे दोन बोटांत धरून विचारायची, "काय म्हणते सवत? आज फारच रडलेली दिसते." आम्ही उडायचो त्या मैदानाचा राखणदारही तिला सामील. साहेब, बाईंपेक्षा हिलाच जास्त लुगडी घेता, असं तो मला तोंडावर म्हणायचा आणि ती पदरात तोंड लपवायची.

माझ्याबरोबर ती एकदाच बसली. आमच्या विमानात चालवणारा नेहमी मागे बसतो, बरोबरचा पुढे. पुढे कोणी बसलं की नाक जड होतं आणि विमान चालवायचा दांडा सारखा पोटाशी ओढून धरावा लागतो. तो त्रास नको म्हणून डाव्या हाताला एक मूठ असते, तिला ट्रिम म्हणतात. मूठ मागे सरकवली की शेपटी तो भार आपल्यावर घेते आणि हात मोकळा होतो. पुढची सीट रिकामी असेल तर मूठ पुढे ठेवायची. ती ज्या पितळी पट्टीवर सरकते तिच्यावर, मी एकटा असतो तेव्हाच्या जागेची खूण मी आधीच केलेली होती. बायको बसली त्या दिवशी वर गेल्यावर मूठ मागे नेत नेत विमान सरळ चाललं तिथे थांबलो, आणि खाली आल्यावर कानशीने त्या जागी दुसरी खूण केली. तिच्या वजनाची. माझ्या खुणा पक्क्या असतात.

वर असताना तिने खिडकीतून हात बाहेर काढला होता. बोटं पसरून वाऱ्यात धरली होती. इंजिनापुढे बोलणं ऐकू जात नाही, म्हणून मी मागून तिच्या खांद्यावर जोरात थाप मारली. तिने हात आत घेतला. उतरल्यावर मी तिला समजावून सांगितलं की उडत्या विमानातून हात बाहेर काढत नाहीत. माझं काही चुकलं नव्हतं. कुठलाही माणूस हेच सांगेल. पुढच्या वेळी चल म्हटलं तर म्हणाली, "नको बाई. माझ्या पोटात गोळा येतो. सवतीच्या मांडीवर मी कशाला बसू?"

मी दरवर्षी विचारायचो. ती दरवर्षी तेच सांगायची. शेवटी विचारणं सोडून दिलं. भित्र्या माणसाला ओढून नेण्यात काय अर्थ आहे?

मागच्या हिवाळ्यात ती गेली. आजार लहानसाच वाटला होता. घरात आता मी एकटा, आणि समोरच्या गल्लीत धाकटा. जेवण तो घेऊन येतो. आम्ही फारसं बोलत नाही. तसे पूर्वीही बोलत नव्हतो, पण पूर्वी ते जाणवत नसे.

ऊन वाढायला लागलं तसं विमान पुन्हा बाहेर काढलं. एका आठवड्यात तो उडवायचा, एका आठवड्यात मी. एक दिवस तो उतरून गेल्यावर मी विमान पुसत होतो आणि ट्रिमची मूठ मागच्या, तिच्या वजनाच्या खुणेवर दिसली. विमान ठेवताना सगळं जागच्या जागी ठेवायचं असा आमचा नियम. मी त्याला बोललो. तो हो दादा म्हणाला. पुढच्या खेपेला मूठ पुन्हा तिथेच.

मग पट्टा.

पुढची सीट रिकामी असली तरी तिचा पट्टा मोकळा सोडत नाहीत. पुढेही एक दांडा असतो, मागच्या दांड्याला जोडलेला. मोकळा पट्टा त्यात अडकला तर विमान ऐकेनासं होतं. म्हणून पट्टा रिकाम्या गादीवरच बांधायचा, कडीतून ओढून घट्ट करायचा, आणि उरलेलं टोक त्याच्याच खाली खोचायचं. टोक खोचायची पद्धत माझी. धाकटा ते लोंबतंच ठेवतो, आणि त्यावरून आमचा वाद तरुणपणापासूनचा.

त्या दिवशी पट्टा बांधलेला होता, पण सैल. गादीपासून वर उचललेला, कमानीसारखा. मी त्याच्याखाली हात घातला तर कोपरापर्यंत गेला. एका माणसाच्या पोटाएवढी जागा होती. जाड माणसाच्या नाही.

धाकट्याला दाखवलं. तो बघत राहिला. लक्षात राहिलं नाही, एवढंच म्हणाला. आयुष्यभर केसाच्या जाडीचं माप सांभाळलेला माणूस, आणि त्याच्या लक्षात राहत नाही. त्या दिवसापासून तो उडायला निघाला की मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायला लागलो.

विमान एका माणसाला घेऊन किती पळून उठतं ते मला पावलागणिक ठाऊक आहे. राखणदाराच्या खोपटाच्या अलीकडे चाकं सुटायला हवीत. त्याची सुटत नव्हती. खोपट मागे पडायचं, कुंपणाची पहिली तार मागे पडायची, मग विमान जड अंगाने वर उठायचं. माझ्या हातात मात्र ते पूर्वीसारखंच खोपटाच्या अलीकडे उठायचं. इंजिन तपासलं. सीटखाली शोधलं, फळ्या उचकटून शेपटीपर्यंत बॅटरी मारली. जड असं काही नव्हतं. काटा आणून चाकांखाली घातला. वजन होतं तेवढंच भरलं.

त्याच सुमारास डोळे तपासून झाले. आमच्या परवान्याला डॉक्टरचा शेरा लागतो. डॉक्टर तरुण होता. या महिनाअखेरपर्यंत चालवा, पुढचा शेरा मी देणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं. वर हसून म्हणाला, "पुढच्या सीटवर बसून फिरा की आजोबा, कोण नको म्हणतंय?"

मी कागद उचलून बाहेर पडलो.

धाकट्याच्या पुढच्या पाळीला पट्टा मी स्वतः बांधला. घट्ट ओढला, टोक खोचलं, आणि कडी आणि बक्कल दोन्ही तारेने जखडली. विमानात प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट असा तारेने बांधतात, म्हणजे तो हलत नाही. तारेचा पीळ ज्याचा त्याचा असतो. माझा पीळ मी हजारांत ओळखीन. धाकट्याने माझं काम बघितलं आणि विमानात चढला. का, असं त्याने विचारलं नाही. ते मला खटकलं.

तो तळ्यावरून लांबची फेरी घेऊन आला. मी शेडमध्ये एकटा असताना दार उघडलं. तार शाबूत होती. पीळ माझा होता. कडी जिथे जखडली होती तिथेच होती. आणि पट्टा सैल होता. कमान तेवढीच.

गादीवर हात ठेवून बघावा असं मनात आलं. ठेवला नाही.

मी तार कापली. मग पितळी पट्टी खोलून उजेडात नेली, कारण बाकी काही कळेना तेव्हा झीज बघायची हे मला माहीत आहे. झीज खोटं बोलत नाही. माझी पहिली खूण इतक्या वर्षांत जेवढी झिजायची तेवढी झिजली होती. दुसरी खूण मी एकदा वापरली होती. एकदाच. तिच्या कडा गोल झाल्या होत्या. तिथलं पितळ खोलगट आणि गुळगुळीत झालं होतं, रोजच्या वापरातल्या कडीसारखं चकाकत होतं. एका उन्हाळ्यात पितळ असं होत नाही.

धाकटा बाहेर नळावर हात धूत होता. पट्टी मी त्याच्यासमोर धरली. त्याला सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने हात पँटला पुसले. "कापड शिवलं त्याच्या पुढच्या वर्षापासून."

"मला म्हणायची, भीती वाटते."

"हो."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार, दादा? वहिनीला हात बाहेर काढायला आवडायचं. तळं आलं की काढायची."

पाणी वाहत होतं. नळ मी बंद केला. त्या दिवसांबद्दल यापलीकडे मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही होतं असं मला वाटत नाही, आणि नव्हतं असंही वाटत नाही. मी गॅरेजात असायचो त्या दुपारी ते उडत होते. घरी आल्यावर ती मला विचारायची, काय म्हणते सवत. वर्षानुवर्षं. वाऱ्याने विस्कटलेले केस विंचरून, शांत तोंडाने.

"आणि आता?" मी म्हणालो.

त्याने विमानाकडे बघितलं. "आता मी काही करत नाही. विमान उठलं की नाक जड होतं. मग मी मूठ मागे घेतो."

आमची मुलगी लांबच्या शहरात असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, एवढं काय त्यात? आईला तेवढंच मोकळं वाटायचं."

"तुला माहीत होतं."

"सगळ्यांनाच माहीत होतं, बाबा. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती."

सगळ्यांना, म्हणजे राखणदारालाही. लुगड्यांची थट्टा करत हसणारा तो माणूस. मी कडेला बसलो की तो चहा आणून द्यायचा, तोही मला आता कडू लागायला लागला.

मी मनाशी ठरवलं. जिवंतपणी ती माझ्याबरोबर एकदा बसली. आता जर तिला यायचंच असेल तर तिला कोणाबरोबर यायला हवं, हे सांगायची गरज नव्हती. बायको माझी होती. विमान मी उभं केलं होतं. महिना संपत आला होता. धाकट्याला मी सांगितलं की उद्या सकाळी मी एकटा जाणार, आणि उतरल्यावर पंख उतरवून कापड फाडायचं. परत ते उडणार नाही. मनात मी एक गोष्ट राखून ठेवली होती, ती त्याला सांगितली नाही. बायको माझ्याबरोबर आली तर पंखांना हात लावायचा नाही, मग विमान धाकट्याने न्यावं, ठेवावं, काहीही करावं. नाही आली तर कात्री माझ्या खिशात असेल.

अर्धं विमान त्याचं होतं. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं, दादा." ते भांडण्याहून वाईट होतं.

सकाळ स्वच्छ होती. वारा नव्हता. मी पुढचा पट्टा हातात घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सैल बांधला. तिच्या मापाची कमान ठेवली. टोक खोचलं नाही, बाजूला लोंबतं सोडलं, धाकटा सोडतो तसं. दोनदा तपासलं. मग मागे जाऊन बसलो. मागून पुढच्या सीटची फक्त पाठ दिसते.

आमचं इंजिन बटणाने सुरू होत नाही. एकाने पंखा हाताने फिरवावा लागतो. आतला माणूस स्विच बंद ठेवतो, बाहेरचा पात्याला धरून इंजिनात पेट्रोल ओढून घेतो, मग आतल्याने स्विच चालू करायचा आणि बाहेरच्याने पात्याला पुन्हा झटका द्यायचा. स्विच चुकून चालू राहिला आणि पंखा उसळला तर बाहेरच्याचे हात जातात, कधी डोकं जातं. म्हणून तो ओरडून विचारतो आणि आतला ओरडून सांगतो. धाकटा इतकी वर्षं माझ्या शब्दावर पात्यात हात घालत आला होता.

"स्विच बंद?"

"बंद."

त्याने हात उचलला, पण पात्यावर ठेवला नाही. काचेतून माझ्याकडे बघितलं.

"नक्की, दादा?"

असं त्याने कधीच विचारलेलं नव्हतं. माझं बोट स्विचवर होतं. मी खाली बघितलं. बंदच होता. मी परत बघितलं, तरी बंदच होता.

"नक्की," मी म्हणालो.

त्याने पंखा फिरवून पेट्रोल ओढलं, मग मी स्विच चालू केला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तो चाकांखालचे ठोकळे काढून मागे सरला, आणि नेहमी हात करतो तसा त्याने हात केला नाही.

खोपटाच्या अलीकडेच चाकं सुटली. विमान पिसासारखं उठलं. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी मूठ हातात घेतली आणि मागच्या खुणेवर, त्या गुळगुळीत खळगीत नेऊन ठेवली. लगेच नाक वर चढायला लागलं. पुढे भार नव्हता. कोणताही माणूस अशा वेळी मूठ पुढे घेईल. मी घेतली नाही. दांडा दोन्ही हातांनी पुढे रेटून धरला आणि नाक खाली दाबून ठेवलं. म्हटलं, येईल. वळणावर येईल. तळ्यावर येईल.

दंड भरून आले. खांद्यात कळ उठली. खाली रस्ते, कौलं, कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. तळं आलं तसं मी तळ्याला फेरी घातली, मग दुसरी घातली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, ते म्हातारपणामुळे. पुढच्या सीटची पाठ मला तिच्या पाठीसारखी दिसायला लागली होती, आणि नव्हती. मग मी बोललो. इंजिनाच्या आवाजात माझं मलाही ऐकू आलं नाही, पण मी मोठ्याने बोललो.

"हात बाहेर काढायचा तर काढ. मी काही म्हणणार नाही."

नाक तेवढंच वर रेटत राहिलं. मी तेवढंच खाली दाबत राहिलो. तिसऱ्या फेरीला मी मूठ पुढच्या खुणेवर नेली, आणि विमान गुमान सरळ चालायला लागलं, एका माणसाचं.

उतरलो. धाकटा लांब कुंपणाजवळ उभा होता, राखणदाराच्या शेजारी. दोघेही पुढे आले नाहीत. विमान शेडसमोर आणून इंजिन बंद केलं. वर असताना मी जागेवरून हललो नव्हतो. मागून पुढच्या गादीपर्यंत हात पोचत नाही. कात्री खिशात टोचत होती. दार उघडून खाली पाय ठेवला, आणि सवयीने पुढच्या सीटकडे नजर गेली.

पट्टा गादीवर घट्ट ओढलेला होता. बोट जाईल एवढीही जागा नव्हती. उरलेलं टोक त्याच्याखाली, माझ्या पद्धतीने, नीट खोचलेलं होतं.